ग्लेनिस हॅबगुडचं चार दिवसांचं निधन

लेनर्ड हॅबगुडने सायकलवरून इंग्लंड आडवं ओलांडायचं ठरवलं, तेव्हा त्याने कुणाचाही सल्ला मागितला नव्हता. तरी सगळ्यांचा मिळाला. फक्त त्याचे गुडघे काही बोलले नाहीत. ते नंतर बोलले.

लेनर्ड त्रेसष्ट वर्षांचा. घरांसाठी कर्ज देणाऱ्या एका संस्थेत बत्तीस वर्षं काढून उपव्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेला. व्यवस्थापक होणार होता, पण त्याआधी शाखाच बंद झाली. असा माणूस घरात बसून गुलाबांना खत घालत असेल तर कुणाची हरकत नसते. पण तोच माणूस ‘मी श्रॉपशरहून निघून नॉरफोकच्या समुद्रापर्यंत सायकलने जाणार, एकटा, आणि हॉस्पिससाठी देणग्या गोळा करणार’ असं म्हणाला, की गल्लीतल्या प्रत्येकाला त्याच्या आरोग्याबद्दल मत असण्याचा हक्क प्राप्त होतो.

सायकल त्याची नव्हती. ती त्याच्या थोरल्या भावाची, रोलंडची. रोलंड ऑक्टोबरात त्याच हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत, वारला. बायकामुलं नव्हती, म्हणून त्याची शेड रिकामी करायचं काम लेनर्डकडे आलं. शेडमध्ये हिरवी, उंच, जुनी सायकल होती. रोलंड लेनर्डपेक्षा चार इंचांनी उंच होता आणि ते त्याने हयातभर लेनर्डला विसरू दिलं नाही. आता तो नव्हता, तर ते काम सायकल करत होती. सीट पार खाली आणली तरी लेनर्डचे अंगठे जेमतेम जमिनीला टेकत. थांबायचं झालं की त्याला एका बाजूला कलंडावं लागे, आणि कोणत्या बाजूला हे सायकल ठरवी.

दोघे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण होतं गवत कापायचं यंत्र. लेनर्डने ते उसनं दिलं होतं. परत आलं तेव्हा पातं वाकलेलं होतं. रोलंड म्हणाला, ते आधीपासूनच वाकलेलं होतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं, पण नव्हतं.

पहिला सल्ला आला शेजारच्या डग्लस प्रॉथरोकडून. प्रॉथरो भूगोलाचे निवृत्त शिक्षक. ते स्वतः एकोणऐंशी सालानंतर सायकलवर बसलेले नव्हते, पण त्यामुळे त्यांचं ज्ञान ताजं आणि न वापरलेलं राहिलं होतं. त्यांनी मांड्यांना काय चोपडावं, केळी किती आणि कधी खावीत, कुत्रा मागे लागला तर त्याच्याशी कोणत्या सुरात बोलावं, हे सगळं कुंपणावरून सांगितलं. मग पंधरा दिवस खपून सबंध वाटेचे नकाशे आणि वेळापत्रक काढून दिलं. एकेक पान प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. सगळे चढ टाळलेले. चढ टाळताना ते दक्षिणेकडे इतके सरकले होते की वाट चाळीस मैलांनी वाढली होती. लेनर्डने हे दबक्या आवाजात निदर्शनास आणलं, तेव्हा प्रॉथरो म्हणाले, “अहो, चाळीस मैल सपाट आहेत. सपाट मैल मोजायचे नसतात.”

दुसरी अडचण कौन्सिलची, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेची. गावच्या हिरवळीवरून निघायचं, चार माणसांनी हात हलवायचे, एवढीच लेनर्डची इच्छा. पण हिरवळीवर काही करायचं तर ‘कार्यक्रमाचा’ अर्ज लागतो. अर्जात भाग घेणाऱ्यांची संख्या विचारली होती आणि खुणेसाठी तीन चौकोन होते: दहा ते पन्नास, पन्नास ते दोनशे, दोनशेच्या वर. एकासाठी चौकोन नव्हता. लेनर्डने बत्तीस वर्षं दुसऱ्यांना अर्ज भरायला लावले होते. चौकोन रिकामा सोडणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्याने ‘दहा ते पन्नास’वर खूण केली. आठवड्याने पत्र आलं. दोन फिरती स्वच्छतागृहं, एक प्रथमोपचाराचा तंबू आणि पिवळ्या जाकिटातले चार स्वयंसेवक यांची व्यवस्था आपण कशी करणार ते कळवावे. लेनर्ड प्रत्यक्ष जाऊन भेटला. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एकच माणूस असेल तर तो कार्यक्रमच नव्हे, त्याला परवानगी लागत नाही. लेनर्ड खूश झाला. पण आता अर्ज आला आहे, त्या पुढे म्हणाल्या, तर तो मागे घेण्याचा अर्ज करावा लागेल, त्याला सहा आठवडे लागतात. शेवटी तो आपल्या घराच्या फाटकातूनच निघाला. फाटक कौन्सिलच्या अखत्यारीत येत नाही, हे त्याने आधी विचारून घेतलं होतं.

आणि तिसरी गोष्ट वर्तमानपत्राची. खरं तर ती अडचण नव्हती, लेनर्डचीच करणी होती. हॉस्पिसच्या अर्जात ‘कोणाच्या स्मरणार्थ’ असा रकाना होता. चौकोन रिकामे न सोडणाऱ्या लेनर्डने तो रकाना मात्र रिकामा सोडला. हॉस्पिसमधली देणग्यांचं बघणारी टॅमसिन नावाची मुलगी नवीन होती. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मग स्थानिक साप्ताहिकातून एका तरुण वार्ताहराचा फोन आला. लेनर्डने सायकलीची उंची, टायरचा प्रकार, रोजचे मैल, सगळं तपशीलवार सांगितलं. शेवटी वार्ताहराने विचारलं, “आणि हे कुणासाठी करताय, मिस्टर हॅबगुड?”

लेनर्डने तोंड उघडलं. आवाज आला नाही. घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा काही नाही. नऊ वर्षांत ‘माझा भाऊ’ हे दोन शब्द त्याने उच्चारले नव्हते आणि आता ते बाहेर यायला तयार नव्हते. शेवटी तो कसाबसा म्हणाला, “ग्लेनिस...” त्याला म्हणायचं होतं, ग्लेनिस सांगेल, तिला सगळं माहीत आहे. पण पुढचं घशातच राहिलं. पलीकडून वार्ताहर हळू आवाजात म्हणाला, समजलं सर, आता त्रास करून घेऊ नका.

तो मे महिन्यातल्या रविवारी निघाला. बायको ग्लेनिस आणि प्रॉथरो असे दोघेच हात हलवायला होते. वळणावर त्याने मागे वळून हात हलवला आणि सायकलने डावी बाजू निवडली. तिकडे खाजकुयलीसारखं झोंबणारं रान होतं. प्रॉथरोंनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. याबद्दल लेनर्ड त्यांचा कायमचा ऋणी राहिला.

पहिले दोन दिवस काय सांगावे? टाळलेले चढ जमिनीने पुन्हा आणून ठेवले होते. लेनर्ड चढावर सायकल ढकलत नेई आणि उतारावर भीतीने ढकलत नेई. त्यामुळे सायकलवर बसायचा प्रसंग मधल्या सपाटीवर तेवढा येई. एका ठिकाणी नकाशात रस्ता होता आणि प्रत्यक्षात रस्त्यावरून ओढा वाहत होता. लेनर्ड बूट-मोजे काढून पलीकडे गेला आणि बूट अलीकडेच राहिले. एका शेतात वीस-पंचवीस गाई त्याच्याकडे नुसत्या बघत उभ्या राहिल्या. त्याने प्रॉथरोंचा कुत्र्यांसाठीचा सूर लावून पाहिला. गाई जवळ आल्या.

मंगळवारी साप्ताहिक निघालं. लेनर्डला त्याचा पत्ता नव्हता. टॅमसिनने ती बातमी मार्गातल्या गावांची नावं, दिवस आणि प्रॉथरोंनी ठरवलेल्या वेळा घालून हॉस्पिसच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकली, आणि वाटेवरच्या एका पाद्रीबाईंनी ती आपल्या ओळखीच्या सगळ्या पाद्र्यांना पाठवली. मथळा असा होता: दिवंगत पत्नी ग्लेनिससाठी एकट्याची सायकलयात्रा.

बुधवारी दुपारी एका गावाबाहेर, लांबलचक दगडी भिंतीपाशी, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. ते दोन मैल चालत आले होते आणि सकाळपासून उभे होते, कारण लेनर्ड साडेदहाला येणार असं प्रॉथरोंच्या वेळापत्रकात होतं. लेनर्ड आला पावणेतीनला. म्हाताऱ्यांनी आपलं नाव कथबर्ट स्पर्लिंग असं सांगितलं आणि लेनर्डचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. सायकल उजवीकडे कलली. दोघांनी मिळून ती धरली.

“मी वाचलं तुमच्या मिसेसबद्दल,” स्पर्लिंग म्हणाले. “माझी एडिथ जाऊन चौदा महिने झाले.”

लेनर्डला काही कळेना. ‘आमच्या मिसेस ठणठणीत आहेत’ असं तो म्हणणार होता, तेवढ्यात म्हातारे बोलू लागले. कुणीतरी समजून घेणारं भेटल्यावर माणूस बोलतो तसे, रस्त्याकडे बघत. शेवटच्या दुपारी एडिथ त्यांना म्हणाली होती, बस जरा. ते म्हणाले होते, कोंबड्यांना घालून येतो. कोंबड्यांना घालायला दहा मिनिटं लागतात. ते तासभर खुराड्यापाशीच उभे राहिले. आत जायची भीती वाटत होती. गेले तेव्हा उशीर झाला होता.

“हे मी मुलीलासुद्धा सांगितलेलं नाही,” ते म्हणाले. “तुम्हाला सांगितलं, कारण तुम्हाला कळेल.”

आता अशा वेळी काय करायचं, ते तुम्हीच सांगा. लेनर्डने त्यांचा हात दाबला आणि म्हणाला, कळतं मला. ते खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. म्हाताऱ्यांनी खिशातून रुमालात बांधलेली, डुकराच्या मटणाचं सारण भरलेली पेस्ट्री काढून दिली. लेनर्ड ती पुढच्या वळणावर बसून खाऊ लागला. चव चांगली होती, पण अर्धी त्याने परत रुमालात बांधून ठेवली.

त्या संध्याकाळी मुक्कामावरून त्याने घरी फोन केला. ग्लेनिसने पहिल्याच घंटेला उचलला.

“लेनर्ड, मी वारले आहे,” ती म्हणाली.

तिला हे खाटकाच्या दुकानात कळलं होतं. ती आत शिरली तेव्हा खाटकाच्या हातातली सॉसेजची माळ खाली पडली. औषधांच्या दुकानातल्या बाईंना खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. घरी दारात तीन ठिकाणचे पुष्पगुच्छ होते, आणि एका शेजारणीने, खात्री करून न घेता, माशांचा गरम रस्सा आणून ठेवला होता. प्रॉथरो खास येऊन म्हणाले होते की तुम्ही जिवंत आहात हे मी प्रत्येकाला सांगतो आहे, पण छापून आल्यावर लोक माझं ऐकत नाहीत.

“रस्सा बरा आहे,” ग्लेनिस म्हणाली. “पण उद्या त्या टॅमसिनला फोन करून हे दुरुस्त कर.”

लेनर्डने तिला स्पर्लिंगांबद्दल सांगितलं. कोंबड्यांचं सांगितलं नाही. म्हणाला, ते शुक्रवारी पुढच्या गावच्या हॉलमध्ये मुलीबरोबर मुद्दाम येणार आहेत. तिथल्या पाद्रीबाईंनी माझ्यासाठी चहापान ठेवलंय. एकदा ते होऊ दे. शनिवारी समुद्राला पोचलो की मी स्वतः दुरुस्त करतो.

ग्लेनिसने सरळच विचारलं, “म्हणजे शनिवारपर्यंत मी मेलेली राहू?”

“जमलं तर.”

“शुक्रवारी माझी केस कापायची वेळ ठरलेली आहे,” ती म्हणाली. “बघते.”

गुरुवार हा लेनर्डच्या आयुष्यातला सगळ्यात सन्मानाचा दिवस ठरला आणि त्याला तो एक क्षणभरही उपभोगता आला नाही. एका गावात बायकांनी त्याला रस्त्यात अडवून सूप पाजलं. दुसऱ्या गावातल्या पबमध्ये तो पाणी प्यायला शिरला, तर मालकाने घंटा वाजवली आणि सगळे जण ग्लास खाली ठेवून एक मिनिट उभे राहिले. लेनर्डही मान खाली घालून उभा राहिला. पाणी मागायचं राहूनच गेलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याच्यासाठी कुणी खुर्चीवरून उठलं नव्हतं. आणि इथे अनोळखी माणसं त्याच्या खांद्यावर हात ठेवत होती, त्याच्या टायरमध्ये हवा भरून देत होती. कसलंही दुःख न सांगता त्याला दुःखी माणसाचा मान मिळत होता. जे दुःख खरं होतं ते मात्र नाव न घेता मागच्या कॅरिअरवर बसून चाललं होतं.

संध्याकाळी ग्लेनिसनेच फोन केला. आवाज वेगळा होता.

ती म्हणाली, दोन दिवस लोक माझ्याबद्दल चांगलं बोलतायत, त्यामुळे मला झोप येत नाहीये. एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सप्टेंबरात रोलंडचा फोन आला होता, आठवतं?

आठवत होतं. लेनर्ड बागेत गवत कापत होता. ग्लेनिस स्वयंपाकघराच्या दारात येऊन हातात फोन धरून, ओठांनी ‘रोलंड’ म्हणाली होती. तो आजारी आहे एवढं चुलतबहिणीकडून कळलं होतं; किती, ते विचारलं नव्हतं. लेनर्डने हाताने खूण केली होती, नाही म्हणून सांग. आणि यंत्र बंद न करता पुढच्या पट्ट्याकडे वळला होता.

“मी त्याला म्हटलं, लेनर्ड बाहेर गेलाय,” ग्लेनिस म्हणाली. “तर तो हसला. म्हणाला, मग गवत कोण कापतंय?”

लेनर्डने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“म्हणाला, राहू दे, पातं चांगलं चालतंय असं दिसतं. आणि ठेवला. मी तुला सांगितलं नाही. आधी वाटलं, तुम्ही दोघं काय ते बघाल. आणि मग तो गेला, तेव्हा सांगून काय उपयोग, असं वाटलं.”

फोन ठेवल्यावर लेनर्ड बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिला. रोलंड त्या फोननंतर तीन आठवड्यांनी गेला होता. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस. हॉस्पिस लेनर्डच्या घरापासून अकरा मैलांवर होतं. गाडीने पंचवीस मिनिटं. आणि आता हा माणूस त्याच्यासाठी दोनशे वीस मैल सायकल हाकत होता. चुकीच्या दिशेने.

शुक्रवारी गावच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. लांब टेबलावर काकडीचे सँडविच, लिंबाचा केक, चहाची मोठी किटली. पाद्रीबाईंचं नाव फिलिपा आँडल. उंच, मोठ्या आवाजाच्या, आणि गप्प बसलेल्या माणसाला बोलतं करणं हे ईश्वरी काम आहे अशी श्रद्धा असलेल्या. पहिल्या रांगेत स्पर्लिंग त्यांच्या मुलीशेजारी बसले होते, तोच कोट, तोच टाय. लेनर्डने ठरवलं होतं की दोन वाक्यं आभाराची बोलायची आणि केक खायचा. पण पाद्रीबाई उभ्या राहून म्हणाल्या, आता मिस्टर हॅबगुड आपल्याला ग्लेनिसबद्दल सांगतील.

लेनर्ड उठला. समोर चाळीस चेहरे, सगळे त्याच्या बाजूचे. त्याला ग्लेनिसबद्दल, ती मेली आहे असं धरून, काही सुचेना. ती तर आत्ता केस कापून घेत असणार. मग दुसरंच सुचू लागलं.

“मला सायकल तिने शिकवली,” तो म्हणाला. “मी सहा वर्षांचा होतो. ती दहा.”

बायकांमधून एक उसासा निघाला. म्हणजे लहानपणापासूनची ओळख.

“सीट धरून मागे धावायची. मी विचारायचो, सोडलं नाहीस ना? ती म्हणायची, नाही, धरलंय. कधीच सोडलेलं असायचं. आवाज लांबून यायचा, त्यावरून कळायचं.”

तो सांगत गेला आणि थांबता येईना. वादळ झालं की आम्ही एकाच पलंगावर पांघरूण घेऊन झोपायचो, तो म्हणाला, आणि पाद्रीबाई आपल्या कपात बघू लागल्या. गावच्या क्रिकेट संघात ती पहिलं षटक टाकायची. सकाळी दाढी करताना मोठ्याने गायची, सगळी गाणी चुकीच्या सुरात. हॉलमध्ये कुणीतरी चमचा खाली ठेवला. लेनर्डच्या ते लक्षातही आलं नाही.

“शेवटची नऊ वर्षं आम्ही बोललो नाही,” तो म्हणाला.

दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंना राहवलं नाही. “एकाच घरात?”

“नाही हो,” लेनर्ड म्हणाला, “तो श्रूजबरीला राहायचा.”

एवढा एक ‘तो’ हॉलभर पसरायला फारसा वेळ लागला नाही. लेनर्डने तो स्वतः ऐकला. मग त्याने टेबलाची कड धरली आणि सांगून टाकलं. माझी बायको जिवंत आहे. वर्तमानपत्रात चूक झाली, आणि ती माझ्यामुळे झाली, कारण मला माझ्या भावाचं नाव घेता आलं नाही. त्याचं नाव रोलंड. त्याने मरायच्या आधी फोन केला होता आणि मी घेतला नाही. मी गवत कापत होतो.

मग त्याच बाई, गोष्ट पक्की करून घ्यावी म्हणून, म्हणाल्या, “म्हणजे मिसेस हॅबगुड बऱ्या आहेत?”

“केस कापायला गेल्यात,” लेनर्ड म्हणाला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकला काढला. खुर्च्या सरकल्या. काही जणांनी जाताना लेनर्डचा हात दाबला, काहींनी मुद्दाम लांबून जाणं पसंत केलं. एका बाईंनी आपला केक, अर्धा उरलेला, डब्यात भरून परत नेला, आणि त्यांचं चुकलं असं लेनर्डला वाटलं नाही. पाद्रीबाईंनी त्याला चहा ओतून दिला आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

स्पर्लिंग बाहेर मुलीच्या गाडीपाशी उभे होते. मुलगी आत किल्ल्या शोधत होती. लेनर्ड त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. बत्तीस वर्षं लोकांना ‘आम्हाला खेद वाटतो’ अशी पत्रं पाठवलेल्या माणसाला खेदाचं एक वाक्य जुळवता येईना.

“तुमची मिसेस घरी आहे,” स्पर्लिंग म्हणाले.

“हो.”

“मी तुम्हाला कोंबड्यांचं सांगितलं.”

“मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही.”

“तो प्रश्न नाही,” म्हातारे म्हणाले. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. “तुम्ही मला त्या वेळी भावाचं सांगितलं असतंत ना, तर मी तेव्हाही तुम्हाला कोंबड्यांचं सांगितलं असतं. दुखणं तेच तर होतं.”

मग ते गाडीत बसले, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली, आणि मुलीने दार लावून घेतलं. घरी परतल्यावर लेनर्डने त्यांना तीन पत्रं लिहिली. पहिलं लांब, दुसरं छोटं, तिसऱ्यात फक्त रोलंडची हकीकत. उत्तर आलं नाही. यायलाच हवं होतं असं नाही.

शनिवारची वाट प्रॉथरोंच्या स्वप्नातली होती. टेबलासारखी सपाट, दोन्हीकडे कालवे, वर प्रचंड आकाश. चढ एकही नव्हता. त्याच्या जागी वारा होता. लेनर्ड पॅडल मारी आणि जागच्या जागी राही. एका ठिकाणी एक बाई कुत्रा घेऊन चालत त्याच्या पुढे निघून गेली आणि जाताना ‘शाबास’ म्हणाली. लेनर्डच्या पाठीवर हॉस्पिसची पाटी लावलेली होती. पण त्याने शुक्रवारीच फोन केल्यावर टॅमसिनने रात्रीतून दुरुस्ती पानावर टाकली होती आणि आता लोक हात हलवत नव्हते, नुसते बघत होते. लेनर्डला ते बरं वाटलं. गुडघे आता सतत बोलत होते आणि तो त्यांचं ऐकून घेत होता.

दुपारी एकच्या सुमाराला तो समुद्रावर पोचला. म्हणजे समुद्र असायला हवा होता तिथे. ओहोटी लागलेली होती. समोर मैलभर ओला चिखल, त्यावर पक्षी, आणि पार लांब एक चंदेरी रेघ. ती पाणी असेल किंवा नसेल. वाळूच्या बांधावर ग्लेनिस गाडीला टेकून उभी होती. नवे कापलेले केस वाऱ्याने पार विस्कटून टाकले होते. ती चार तास गाडी चालवत आली होती.

लेनर्ड कलंडला. या वेळी उजवीकडे, तिच्याच बाजूला. तिने सायकल धरली. दोघांनीही त्या विषयावर काही म्हटलं नाही.

हॉस्पिसला फोटो हवा होता, पुढचं चाक समुद्रात असलेला. गळाला लावायला चिखलातले किडे खणणाऱ्या एका माणसाने, न विचारता, माहिती दिली की पाणी चारनंतर येईल. लेनर्ड म्हणाला, राहू दे, चाक काय नि समुद्र काय, घरी जाऊ. ग्लेनिसने गाडीतून चटई काढली, अंड्याचे सँडविच काढले, थर्मास काढला.

“तीनच तास आहेत, लेनर्ड,” ती म्हणाली. “बस.”

तो बसला. पहिला तास सँडविच आणि चहात गेला. मग तिने विचारलं की तुम्ही लहान असताना रोलंड कसा होता. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती आणि तिने हे कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने सांगितलं नसतं. आता त्याने सांगितलं. क्रिकेटचं, वादळाचं, चुकीच्या सुरांचं. मध्ये एकदा तो इतका हसला की चहा नाकातून आला. मध्ये एकदा त्याला उठून पलीकडे जाऊन यावं लागलं. तो परत येईपर्यंत ती पक्ष्यांकडे बघत होती.

पाणी सव्वाचारला आलं. लाटा वगैरे काही नाही. चिखलाच्या चरांमधून पातळ पत्र्यासारखं सरकत आलं आणि बांधाच्या खाली थांबल्यासारखं झालं. लेनर्डने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सायकल घेऊन उतरला. चाक ओलं झालं. ग्लेनिसने फोन वर धरला आणि हस म्हणाली. लेनर्डने हाताने खूण केली, थांब जरा. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि हँडल घट्ट धरून तसाच उभा राहिला. ती थांबली. किती वेळ, ते तिने घड्याळात पाहिलं नाही; भरती चढत होती.

तो फोटो आता हॉस्पिसच्या स्वागतकक्षात भिंतीवर आहे. त्यात लेनर्ड हसतोय, बऱ्यापैकी. पाणी मात्र त्याच्या मांड्यांपर्यंत आहे आणि सायकलचं नुसतं हँडल नि सीट वर दिसतेय. येणारेजाणारे विचारतात, फोटोसाठी हा माणूस एवढा आत कशाला गेला? टॅमसिनला माहीत नाही, म्हणून ती हसून सोडून देते. तो आत गेला नव्हता. होता तिथेच उभा होता.